चागोसच्या वादातला गैरहजर पक्ष

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस बेटं मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर सह्या केल्या. तेव्हापासून या विषयावर जो कलकलाट चालू आहे, तो ऐकून कुणालाही वाटावं की या भांडणात दोनच पक्ष आहेत. लंडनमधले विरोधक म्हणतात, आपली बेटं दुसऱ्याला बहाल केली आणि वर तिथल्या लष्करी तळासाठी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडं आपणच भरायचं. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, आणि पाठोपाठ दिल्लीत, साठ वर्षांचा अन्याय संपल्याचं समाधान आहे. आपल्या वाहिन्यांवरच्या सामरिक तज्ज्ञांना या सगळ्यात एकाच गोष्टीचा रस : आता तिथे चीन येणार का? माझं म्हणणं सरळ आहे. मॉरिशसचा दावा खरा आहे आणि ब्रिटनचा खोटा. तरीही या कराराला वसाहतवादाचा शेवट म्हणणं ही मखलाशी आहे. ज्या माणसांना तिथून हाकललं त्यांना एका शब्दाने न विचारता त्यांचं सर्वांत मोठं बेट त्यांच्यासाठी आणखी ९९ वर्षं बंद करणारा हा करार आहे. दोन भावांचा वाटणीचा दावा निकाली निघावा आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कूळ परस्पर रस्त्यावर राहावं, तसं हे झालं.

आधी ब्रिटनचा दावा खोटा का, ते पाहू. हिंदी महासागराच्या मध्यावर, मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर, साठेक लहान बेटांचा हा समूह. त्यातलं सर्वांत मोठं दिएगो गार्सिया. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी इथे नारळाच्या बागा लावल्या आणि त्यात राबायला आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले; पुढे हिंदुस्थानातून मजूरही आले. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस ब्रिटनकडे गेलं आणि त्याच्यासोबत चागोसही. पुढची दीडशे वर्षं कारभार मॉरिशसमधूनच चालला. १९६० च्या दशकात अमेरिकेला या महासागरात तळ हवा होता आणि त्याच सुमाराला मॉरिशस स्वातंत्र्य मागत होतं. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये वाटाघाटी चालू असताना पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना स्वतंत्रपणे बोलावून घेतलं. त्या भेटीआधी विल्सन यांच्या सचिवाने दिलेलं टिपण आता सरकारी कागदपत्रांत उघड आहे. रामगुलाम यांना आशेने घाबरवायचं, असा त्यातला सल्ला होता : स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती. ८ नोव्हेंबरला बेटं तोडली गेली, 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत जन्माला आली आणि मॉरिशसला ३० लाख पौंड मिळाले. जग वसाहती मोडीत असताना ब्रिटन नवी वसाहत बनवत होतं. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक २०६६ करून मॉरिशसचे तुकडे पाडू नका, असं बजावलं. ब्रिटनने काणाडोळा केला.

ब्रिटिश बाजूचा यावरचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की मॉरिशसच्या नेत्यांनी संमती दिली होती, पैसे घेतले होते. हे खरंच आहे, आणि मॉरिशसचे समर्थक ते घाईघाईने गुंडाळतात म्हणून मी थोडं थांबतो. त्या वाटाघाटींत मॉरिशसच्या मंत्र्यांचा भर अमेरिकेतल्या साखरेच्या कोट्यावर आणि भरपाईच्या रकमेवर होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये गेतां ड्युवाल यांच्या पक्षाचे मंत्री सरकारातून बाहेर पडले, तेही बेटं जाताहेत म्हणून नव्हे, पुरेशी किंमत मिळत नाही म्हणून. पण परक्या सत्तेच्या हाताखाली असलेल्या, स्वातंत्र्याची तारीख त्याच सत्तेच्या मुठीत असलेल्या नेत्याची संमती ही संमती मानायची का? २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की नाही. मॉरिशसच्या जनतेची ती मोकळी, खरी इच्छा नव्हती. ब्रिटनने बेटांचा कारभार लवकरात लवकर संपवावा. तीन महिन्यांनी आमसभेत ११६ देशांनी या मताच्या बाजूने कौल दिला, ब्रिटनच्या बाजूला तो धरून सहा देश उरले. भारत अर्थातच ११६ मध्ये होता. इथवर मला काही आक्षेप नाही.

आक्षेप सुरू होतो तो पुढे. १९६५ च्या त्या सौद्यात रामगुलाम आणि विल्सन यांच्यात घासाघीस झाली ती बेटांची. बेटांवर राहणारी माणसं कुणाच्याच बोलण्यात नव्हती. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार माणसांना तिथून काढलं. कुणी मॉरिशसला उपचाराला किंवा नातेवाइकांकडे गेलं होतं, त्यांना परतीची बोट नाकारली. उरलेल्यांसाठी अन्नधान्याचा पुरवठा आटवत नेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरचे पाळीव कुत्रे धुराने गुदमरवून मारले आणि मग माणसांना जहाजात कोंबून सेशेल्स आणि मॉरिशसच्या धक्क्यांवर उतरवलं. कागदोपत्री सोय आधीच झाली होती : बेटांवर कायमची वस्ती नाही, आहेत ते फक्त कंत्राटी मजूर, असं जगाला सांगायचं ठरलं होतं. १९६६ मध्ये परराष्ट्र खात्यातला एक वरिष्ठ अधिकारी लिहितो की तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी असणार नाहीत. आणि दुसरा, डेनिस ग्रीनहिल, खाली शेरा मारतो की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही थोडे टारझन आणि मॅन फ्रायडेही येतात. याच नव्या वसाहतीत अल्दाब्रा बेटही घातलं होतं आणि तिथेही तळाचा विचार होता. पण तिथल्या महाकाय कासवांसाठी शास्त्रज्ञांनी इतका गहजब केला की १९६७ मध्ये ती योजना बारगळली. पौंडाचं अवमूल्यन हेही एक कारण होतं. कासवं राहिली. १९७६ मध्ये सेशेल्स स्वतंत्र झालं तेव्हा अल्दाब्रा त्याला परतही मिळालं. म्हणजे तोडलेली बेटं परत देता येतात, हे ब्रिटनला तेव्हाही ठाऊक होतं.

मॉरिशसमध्ये या माणसांचं काय झालं? ब्रिटनने १९७२ मध्ये त्यांच्या पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते त्यांच्या हाती पडायला पाचेक वर्षं गेली आणि तोवर महागाईने त्यातला कस गेला होता. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत, रोजगार नाही, भाषेचा लहेजा वेगळा म्हणून हेटाळणी, अशा अवस्थेत बायकाच पुढे आल्या. शार्लेझिया अलेक्सिस, लिझेट तालात यांच्यासारख्या स्त्रियांनी उपोषणं केली, लाठ्या खाल्ल्या. त्या लाठ्या स्वतंत्र मॉरिशसच्या पोलिसांच्या होत्या. १९८२ मध्ये ब्रिटनने आणखी ४० लाख पौंड दिले, पण बदल्यात परतण्याचा हक्क सोडल्याच्या कागदांवर अंगठे घेतले. कागद इंग्रजीत, अंगठे देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती भाषा येत नव्हती. योगायोग पाहा, त्याच १९८२ साली ब्रिटनचं आरमार अर्जेंटिनाने ताबा घेतलेल्या, बारा हजार किलोमीटरवरच्या फॉकलंड बेटांकडे निघालं, कारण तिथल्या अठराशे रहिवाशांची इच्छा सर्वोपरी होती. दोन्ही ठिकाणची लोकसंख्या जवळपास सारखी. फरक कातडीच्या रंगाचा होता, हे म्हणायला संकोचण्याचं कारण नाही.

आता प्रतिपक्षाच्या आणखी काही मुद्द्यांकडे येतो. पहिला, चागोसवासी काही तिथले मूळचे नव्हेत. फ्रेंचांनी आणलेले मजूर, मग त्यांचा वेगळा हक्क कसला? हा मुद्दा ब्रिटिश वकिलांनी वापरला आणि आता कुजबुजत काही मॉरिशियनही वापरतात. त्यांनी निदान वापरू नये. खुद्द मॉरिशसवर तरी मूळचं कोण होतं? डच येण्याआधी ते निर्मनुष्य होतं. तिथले भोजपुरी भाषक, तमिळ, तेलुगू, क्रिओल, चिनी, आणि रत्नागिरीच्या परिसरातून मुंबईमार्गे उसाच्या मळ्यांत गेलेल्या कोकणी माणसांचे आज गणपती बसवणारे मराठी वंशज, सगळे बाहेरून आलेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या गिरमिटियाचा, म्हणजे करारबद्ध मजुराचा, पणतू मॉरिशसचा मालक होतो, आणि त्याच्या कितीतरी आधी दिएगो गार्सियावर उतरलेल्या गुलामाची पाचवी पिढी मात्र कंत्राटी ठरते, हे कोणत्या तर्कात बसतं?

दुसरा मुद्दा खरोखर कठीण आहे. प्रादेशिक अखंडता हे नवस्वतंत्र देशांचं कवच आहे. जाता जाता एखादं बेट, एखादा जिल्हा तोडून 'इथल्या लोकांना आमच्यातच राहायचंय' असं म्हणायची मुभा साम्राज्यांना दिली तर आशिया-आफ्रिकेचा नकाशा फाटून जाईल. हे काल्पनिक नाही. १९७४ मध्ये कोमोरोस बेटांवर फ्रान्सने सार्वमत घेतलं. तीन बेटांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतने नाकारलं. फ्रान्सने मायोत ठेवून घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी कितीदा निषेध केला तरी आज ते फ्रान्सचा एक जिल्हा आहे. चागोसवासीयांना विचारलं असतं तर मायोतच झालं असतं, ही भीती पोर्ट लुईत आहे. लंडनजवळच्या क्रॉलीत स्थायिक झालेल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या अनेक चागोसवासीयांचा मॉरिशसवर राग आहे, त्यांच्यातले काही ब्रिटिश झेंड्याखालीच राहायचं म्हणतात. तेव्हा ही भीती निराधार नाही. लंडनमधल्या विरोधकांना चागोसवासीयांचा आज अचानक पुळका आला आहे तो याच हिशेबाने. २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने राजाज्ञा काढून परतीचा हक्क बंद केला तेव्हा यांच्यातल्या किती जणांनी आवाज उठवला होता?

पण अखंडतेचं तत्त्व नेमकं काय सांगतं? साम्राज्याने वसाहतीचा लचका तोडू नये, एवढंच. लचका परत मिळाल्यावर तिथल्या माणसांचं काय करायचं याचा निर्णय त्यांना वगळून घ्या, असं ते कुठेच सांगत नाही. खुद्द न्यायालयानेही चागोसवासीयांच्या पुनर्वसनाचा प्रश्न हा मानवी हक्कांचा आहे असं म्हणून तो आमसभेकडे सोपवला होता. इथे मराठी वाचकाला गोव्याची आठवण करून देतो, जरा झोंबेल तरी. गोवा पोर्तुगालच्या हाती राहावा की नाही, हे आपण मतपेटीवर सोडलं नाही. डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर पाठवलं. ते बरोबर होतं, कारण पोर्तुगालच्या हक्काला मुळात आधार नव्हता. पण पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांपुढे ठेवला गेला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना, संपादकांना हा निकाल अजिबात रुचला नाही. गोमंतकातल्या कित्येक मराठीवाद्यांच्या मनातली सल आजही गेलेली नाही. तरी तो मानला गेला. सार्वभौमत्व कुणाचं हे ठरल्यावर, त्या चौकटीत कसं राहायचं हे तिथल्या माणसांना विचारता येतं. मायोतचा धोका टाळूनही विचारता येतं. चागोसच्या बाबतीत विचारायला हवं होतं ते हेच : दिएगो गार्सिया भाड्याने द्यायचं का, किती वर्षांसाठी, बेटाचा कुठला भाग वस्तीला ठेवून, आणि मॉरिशसच्या अंतर्गत तुमचा कारभार कसा असावा. नमुना शोधायला मॉरिशसला लांब जायची गरज नव्हती. १९६७ च्या निवडणुकीत रॉड्रिग्स बेटाने स्वातंत्र्यविरोधी पक्षाला भरभरून मतं दिली होती. त्याच रॉड्रिग्सची २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे आणि मॉरिशस काही फुटलेलं नाही.

याउलट झालं काय? वाटाघाटींच्या फेऱ्या दोन सरकारांत झाल्या. करारानुसार संपूर्ण चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे. दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या, म्हणजे व्यवहारात अमेरिकेच्या हाती. भोवती २४ सागरी मैलांचा पट्टा. इतर बेटांवर पुनर्वसन करायला मॉरिशस मोकळं, पण दिएगो गार्सियावर नाही. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी : ऑलिव्हिये बांकूल, ज्यांनी २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारला हरवलं, ते आणि त्यांची संघटना मॉरिशसच्या बाजूने आहेत, आणि पेरोस बान्योससारख्या बेटांवर परतण्याची ही पहिली खरी संधी आहे असं त्यांना वाटतं. त्यांच्या मताला वजन आहेच. पण एक समाज दोन टोकांची मतं मांडत असेल तर ती मोजायची असतात, सोयीचं मत उचलायचं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनीही जून २०२५ मध्ये हा करार पुढे नेऊ नका, पुन्हा वाटाघाटी करा, असंच सुचवलं.

तळाच्या सुरक्षिततेचं कारण सगळ्यांत जास्त फेकलं जातं आणि सगळ्यांत कमी तपासलं जातं. तळ बेटाच्या एका बाजूला आहे. पूर्वेकडची, जिथे जुनी मोठी वाडी होती, ती बाजू ओस आहे. तळावर फिलिपाइन्सचे, मॉरिशसचे कामगार राहतातच. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दीड लाखाहून जास्त माणसं अमेरिकी तळाशेजारी राहतात. जपानच्या ओकिनावाचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये भरकटत आलेल्या तमिळ निर्वासितांना याच दिएगो गार्सियावर तीन वर्षं तंबूत ठेवलं होतं. इतर बेटांजवळ परवाना काढून श्रीमंतांच्या नौका नांगर टाकत होत्या. म्हणजे इथे कुणीही राहू शकतं, फक्त इथे जन्मलेला नको. २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या सल्लागारांनी पुनर्वसन शक्य असल्याचा अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने खर्च आणि संरक्षणाचं कारण देऊन तो बाजूला सारला.

चीनबद्दल फार लिहायची गरज नाही. मॉरिशस चीनच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेत सामीलच झालेलं नाही, आणि त्याचं भारताशी जे नातं आहे ते पाहता चिनी नौदलाला चागोसमध्ये बोलावण्याचं धाडस तिथलं कोणतंही सरकार करील असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या चर्चेतली खरी अडचण वेगळी आहे. १९७० च्या दशकात इंदिरा गांधींचं सरकार दिएगो गार्सियाच्या तळाविरुद्ध हिंदी महासागर शांतताक्षेत्र व्हावा म्हणून कंठशोष करत होतं. आज आपल्याला तो तळ खुपत नाही, उलट बराच वाटतो. धोरण बदलायला हरकत नाही, काळ बदलला आहे. पण मग करारातल्या ज्या कलमाने तळ टिकतो आणि बेटवासी बाहेर राहतात, त्याच कलमाचं आपण 'वसाहतमुक्ती' म्हणून स्वागत करतो, तेव्हा आपली भूमिका तत्त्वाची आहे की सोयीची, हे तरी स्वतःला विचारावं.

शिवाय आपण आता बघे राहिलेलो नाही. मॉरिशसच्याच आगालेगा बेटांवर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. तो लष्करी तळ नाही असं दोन्ही सरकारं सांगतात. तिथून कुणालाही हाकललेलं नाही, आणि चागोसशी त्याची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण तिथल्या तीनेकशे माणसांना आपलंही चागोस होईल की काय अशी धास्ती वाटते, आणि ती वेडगळ आहे असं त्यांना आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान नवीन रामगुलाम, शिवसागर यांचे चिरंजीव, वाराणसीला आले तेव्हा भारताने मॉरिशसला जे आर्थिक साहाय्य जाहीर केलं त्यात चागोसच्या संरक्षित सागरी क्षेत्राचा विकास आणि टेहळणी यांचाही समावेश आहे. संरक्षित सागरी क्षेत्र ऐकायला निरागस वाटतं. २०१० मध्ये ब्रिटननेही चागोसभोवती असंच एक क्षेत्र जाहीर केलं होतं, मासेमारी पूर्ण बंद करून. त्याआधी लंडनमधल्या अधिकाऱ्यांनी अमेरिकी वकिलातीला काय समजावलं होतं, ते वकिलातीच्या फुटलेल्या गोपनीय तारसंदेशातून नंतर जगाला कळलं : एकदा हे उद्यान झालं की बेटवासीयांच्या परतण्याच्या मागणीत दम उरणार नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते क्षेत्र बेकायदा ठरवलं. आता त्याच पाण्यात नवी नियमावली लिहिली जाणार, आणि तिच्या अंमलबजावणीला पैसा आणि जहाजं भारताची असणार. पेरोस बान्योस आणि सालोमनवर परतणाऱ्या कुटुंबाला कुठे घर बांधता येईल, कुठे जाळं टाकता येईल, हे त्या नियमावलीत आधी लिहिलं जावं आणि ती लिहिताना चागोसवासी खोलीत असावेत, एवढी अट दिल्ली घालू शकते. आमसभेतल्या २०१९ च्या मताहून ती महाग नाही.